भोंग्यावर सांगितलेली जागा

रोज सकाळी चुलीवरच्या चिकट भाताला वाफ धरली की पोलुआंगच्या घरावरचा भोंगा खरखरायचा आणि फोंगचनचा आवाज अख्ख्या हुआयतेंग गावावर पसरायचा. पोलुआंग म्हणजे गावचा मुखिया सुरिन. भोंगा त्याचा, आवाज मात्र आरोग्यसेविका फोंगचनचा. "सर्व मंडळींना नमस्कार. आज हवेतली बारीक धूळ कालच्यापेक्षा जास्त आहे. आरोग्य केंद्रावर लाल झेंडा आहे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घरात ठेवा. मास्क लावा. पाचोळा पेटवू नका, जंगलात आग लावू नका." मग एखादं जुनं गाणं लागायचं आणि मंडळी मास्क हनुवटीखाली अडकवून कामाला लागायची.

लोक ऐकत नव्हते असं नाही. ऐकायचे, पण कोंबड्याची बांग ऐकावी तसे. लाल झेंडा इतके दिवस वर होता की उन्हाने विटून गुलाबी पडला होता. गावासमोरचा डोंगर नाहीसा झाला होता आणि भर दुपारच्या सूर्याकडे खुशाल टक लावून बघता येत होतं. दर उन्हाळ्यात हे असंच चालतं, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले होते. हात झटकणाऱ्यांत पहिला नंबर फोंगचनच्या सख्ख्या आईचा, म्हातारी बुआचुमचा.

"सकाळी उठून गावाला घाबरवायचं, हे काय काम झालं?" ती चुलीपुढे बसून फणकारायची. "आमच्या आज्यापणज्यांनी नाही जाळलं? कोण मेलं त्याने?"

"कोण कशाने मेलं हे तेव्हा बघत कोण होतं, आई?"

"आणि सीमेपलीकडून मक्याच्या ताटांचा धूर येतो, तो नाही दिसत तुझ्या धूळ मोजायच्या यंत्राला? आमच्या मूठभर पाचोळ्यावर बरा डोळा तुझा!"

म्हातारीचं अगदीच चूक नव्हतं, आणि म्हणूनच तिच्याशी वाद घालणं अवघड होतं. धूर पलीकडून येतच होता. प्रत्येकाच्या तोंडी पलीकडचा धूर होता. स्वतःच्या काडीपेटीचा धूर कुणाच्याच नाकात जात नव्हता.

बुआचुमची काडीपेटी अळंब्यांसाठी होती. तेंगच्या झाडांखाली पावसाच्या तोंडाशी गोटीएवढी काळी अळंबी येतात. आंबट कोवळ्या पाल्याबरोबर त्यांचा रस्सा केला की दाताखाली फटकन फुटतात. पिमदाव, म्हणजे फोंगचनची मुलगी आणि बुआचुमची नात, एरवी जेवणाला नाकं मुरडायची, पण ह्या रश्श्याची वाटी चाटूनपुसून ठेवायची. जमीन भाजल्याशिवाय ही अळंबी उगवत नाहीत अशी गावाची ठाम समजूत, आणि ह्या विद्येत बुआचुमचा शब्द शेवटचा. टोपली तिच्याएवढी कुणाचीच भरत नसे.

तिची जागा कुठे आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही. हुआयतेंगमध्ये आपली जागा माणूस एकदाच सांगतो, मरताना. बुआचुमच्या आईने तिच्या कानाला तोंड लावून ती सांगितली होती, मग घोटभर पाणी मागितलं होतं आणि डोळे मिटले होते. त्यामुळे कुणी अळंब्यांची वाट विचारली की गावात हसत उत्तर मिळायचं, "का रे बाबा, मला पोचवायची घाई झाली का?"

त्या वर्षी मार्च सरता सरता पिमदावचा घोळणा फुटला. पोर मेउईजवळ, म्हणजे आजीजवळ झोपायची, आजीच्या कानाची पाळी मुठीत धरून. सकाळी बुआचुमला उशी ओली लागली. भिंगासारख्या जाड चष्म्यातून तिने बघितलं, तर उशी लाल आणि पोरीचा वरचा ओठ लाल. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग खोकला आला, आणि पोर रात्री उठून बसायला लागली, कारण आडवं पडून तिला श्वास पुरत नव्हता.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीने छाती तपासली आणि बराच वेळ नळी कानातून काढलीच नाही.

"औषध देते," ती म्हणाली, "पण हिला औषधापेक्षा हवा हवी आहे. पाऊस येईपर्यंत हिला इथून हलवा. पुढच्या खेपेला मला गाडी करून हिला शहरात पाठवायला लावू नका."

"हिच्या बापाकडे नेते," फोंगचन म्हणाली. तो लांब दक्षिणेत, समुद्राकाठच्या रबराच्या मळ्यात कामाला होता. "आणि पाऊस येईपर्यंत तिच्याजवळच राहते."

बरोबर आलेल्या बुआचुमने ते ऐकलं. घराच्या पायरीशी तिने लेकीचा हात धरला.

"सोंगक्रान तोंडावर आलाय. नव्या वर्षाच्या दिवशी पोर घरात नको? माझ्या हातावर पाणी कोण घालणार?"

"आई, सण दरवर्षी येतो."

"मी दरवर्षी येईन का?"

फोंगचन पायरीवर बसली. "बरं. सणापर्यंत बघू. लाल झेंडा उतरला, नुसता नारिंगी होऊन टिकला, तरी मी हिला नेणार नाही. नाही टिकला तर सणाच्या आदल्या दिवशीची बस."

"शब्द?"

"शब्द."

त्या दिवसापासून म्हातारी भोंगा ऐकायला लागली. भाताची टोपली मांडीत घेऊन, मान वर करून, फोंगचनचा एक शब्दही खाली पडू न देता. ऐकून समाधान होईना, तेव्हा स्वतः आरोग्य केंद्रापर्यंत जाऊन झेंडा बघून यायला लागली. शेजारचा खामपान, तिच्याच वयाचा आणि तिच्याहून आगाऊ, कुंपणावरून ओरडायचा, "काय बुआचुम, झेंड्याशी लग्न ठरलं वाटतं?"

"तुझ्याशी करण्यापेक्षा बरं. तो रंग तरी बदलतो!"

आणि बदललाही. वारा फिरला, डोंगराची कड पुसट पुसट दिसायला लागली, आणि एका सकाळी भोंग्यातला फोंगचनचा आवाज हसरा होता: "आज झेंडा नारिंगी आहे." दुसऱ्या दिवशीही नारिंगी. पिमदाव त्या रात्री आडवी झोपली. बुआचुमला वाटलं, आपण जिंकलो.

जिंकल्यावर माणूस सैल पडतो. तिसऱ्या सकाळी ती टोपली घेऊन जंगलात गेली, फक्त आपली जागा बघायला. जाळायचं नाही असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. काडीपेटी कनवटीला होती, पण ती तर कायमच असायची.

तिच्या जागी, अस्वलकड्याखालच्या घळीत, पाचोळा घोट्यापर्यंत साचला होता. वेल छाटायला म्हणून तिने कमरेचा सुरा काढला आणि तो हातातून निसटला. पायाशीच पडला. आवाजही आला. ती वाकली, हाताने चाचपलं, मग गुडघ्यांवर बसून चाचपलं. सगळीकडे तपकिरी, नुसतं तपकिरी. हातभर लांबीचा सुरा तिच्या पुढ्यात असून तिला दिसत नव्हता.

तिथे बसल्या बसल्या तिला भीती वाटली, आणि ती सुऱ्याची नव्हती. सुरा दिसत नाही तर गोटीएवढं अळंबं कसं दिसणार? आगीने अळंबी उगवत नाहीत हे गावाला ठाऊक नसेल, तिला ठाऊक होतं. जळलेल्या पट्टीच्या बाहेर, पानांखाली तिने ती कितीदा बघितली होती, डोळे धड होते तेव्हा. गेली काही वर्षं ती जाळत होती ती डोळ्यांसाठी. जमीन उघडी पडली की हाताला, नजरेला काहीतरी लागायचं. हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. अळंब्यांची बुआचुम आंधळी झाली असं एकदा गावात झालं, की मग ती कोण उरणार होती?

एवढासा तुकडा, तिने स्वतःला समजावलं. दुपारपर्यंत विझेल. झेंड्याला पत्ताही लागणार नाही.

तिने काडी ओढली. सुरा राखेत सापडला, मूठ जळालेला. तो पुसून कमरेला खोचून ती घरी आली आणि पिमदावला कुशीत घेऊन पडली. पोर म्हणाली, "मेउई, तुझ्या अंगाला धुराचा वास येतोय." म्हातारी म्हणाली, "चुलीचा गं." दुपारी वारा सुटला आणि झोपेचं सोंग घेतलेल्या बुआचुमने तो छपरावरून जाताना ऐकला.

दुसऱ्या सकाळी डोंगर नव्हता. समोरची घरंसुद्धा अर्धी होती. पिमदाव बसून श्वास घेत होती, खांदे वर ओढून, आणि भोंग्यातला आवाज हसरा नव्हता.

"झेंडा लाल आहे. अस्वलकड्याखाली वणवा आहे. धडधाकट माणसांनी पोलुआंगच्या अंगणात यावं."

फोंगचन पोरीला नजरेआड होऊ देत नव्हती, म्हणून तिला बरोबरच घेऊन गेली होती. बुआचुम पोचली तेव्हा पिमदाव व्हरांड्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, नाकावर ओलं फडकं धरून. अंगणात वीसेक माणसं, पाठीवर पाचोळा उडवायची यंत्रं, हातात कोयते आणि खराटे. सुरिन फोनमधला लाल ठिपका सगळ्यांना दाखवत होता.

"उपग्रहातून दिसतंय, पण तिथे जायचं कसं? मोठ्या वाटेने वळसा घालून गेलो तर पोचेपर्यंत आग कडा चढलेली असेल. मग पलीकडचा सगळा उतार पेटतो, आणि सणापर्यंत काय, महिनाभर धूर हटत नाही."

"घळीत उतरायला वाट असेलच," कुणीतरी म्हणालं. "लावणारा काय उडत गेला?"

"मग लावणाऱ्यालाच विचार!"

लोक हसले. फोंगचनने माइक हातात घेतला आणि भोंग्यावरून पुन्हा पुन्हा विचारलं, "अस्वलकड्याखाली जायची जवळची वाट कुणाला माहीत असेल त्याने पुढे यावं. कुणी लावली हे आम्ही विचारणार नाही. फक्त वाट सांगा." तिचा आवाज शेवटी शेवटी चिरकायला लागला होता. गावातून कुणीही आलं नाही. येणार कोण? वाट जाणणारी तर तिच्यापासून चार पावलांवर उभी होती, जमिनीकडे बघत.

बुआचुमच्या मनात त्या वेळी काय काय आलं असेल! दंड आला, लेकीची अब्रू आली, आईचा सुकलेला चेहरा आणि कानाशी लागलेला तिचा ऊन श्वास आला. कानात सांगता येईल, तिला वाटलं. सुरिनला बाजूला घेऊन, हळूच. मग पिमदावने फडकं खाली केलं, ते पुन्हा लाल झालं होतं, आणि पोरीने ते घाईघाईने घडी घालून लाल भाग आत लपवला. आजीला दिसू नये म्हणून.

तेवढं मात्र म्हातारीला दिसलं.

तिने लेकीच्या हातातला माइक घेतला. फोंगचन म्हणाली, "आई, ते चालू आहे." म्हातारी म्हणाली, "चालूच राहू दे."

"मी बुआचुम बोलते आहे," भोंगा म्हणाला, आणि गावात हातातली कामं थांबली. "आग मी लावली. वाट मी सांगते. ओढ्याकाठच्या वनदेवतेच्या देवळीमागून वर चढायचं. दुभंगलेला तेंग लागेल, त्याच्या डाव्या अंगाने, वेली बाजूला केल्या की खडकात पायऱ्यांसारख्या खाचा आहेत. त्या सरळ घळीत उतरतात. तिथे माझी अळंब्यांची जागा आहे. माझ्या आईची होती. आता सगळ्यांनी ऐकलीत."

दूर कुठेतरी खामपानचा घाबरा आवाज आला, "अरे, बुआचुम मरतेय की काय? पाणी न्या कुणीतरी!"

"मरत नाहीये, मेल्या!" भोंग्यातून उत्तर गेलं. "अजून ऐका. आगीने अळंबी उगवत नाहीत. आगीने ती दिसतात, एवढंच. पानांखालीही तेवढीच येतात. मला हे कधीपासून ठाऊक आहे. माझे डोळे गेलेत, म्हणून मी जाळत होते. तुमचे डोळे चांगले आहेत, तुम्ही कशाला जाळता?"

फोंगचन रडायला लागली. आग आईने लावली म्हणून रडत होती, की हुआयतेंगमध्ये आपली जागा मोठ्याने सांगणाऱ्या आईला जिवंत बघत होती म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. माणसं मात्र रडायला थांबली नाहीत. खराटे उचलून सगळी देवळीकडे पळाली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी घळीच्या कडेने पाचोळा झाडून रुंद जाळरेषा काढली आणि आग कड्याखालीच अडवली. माणसं काळीठिक्कर होऊन परतली. कुणी बुआचुमशी बोललं नाही, कुणी शिवीही दिली नाही. सुरिन तेवढा पायरीशी थांबला.

"मेउई, गावाचा नियम तुम्हाला माहीत आहे. आग लावणाऱ्याने पाऊस येईपर्यंत जाळरेषा झाडायची."

"खराटा माझाच आणू की तू देतोस?" ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, आता सगळं फिटलं. एवढं मोठं सत्य सांगितल्यावर आभाळाने थोडी तरी दया करायला हवी. पण दुसऱ्या सकाळी धूर तिथेच होता. त्यांचा वणवा विझला होता, पलीकडच्या डोंगरावरचे, त्याच्याही पलीकडचे पेटलेलेच होते. फोंगचनने पिमदावचे कपडे पिशवीत भरले.

"मी सांगितलं ना सगळं?" बुआचुम लहान मुलासारखी म्हणाली. "आता तरी थांब."

"तू सांगितलंस, आई. पण हवेला ते कळत नाही." फोंगचनने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला कळलं. मला कळलं ना."

सणाच्या आदल्या दिवशी बस सुटली. खिडकीतून पिमदावने हात बाहेर काढून आजीच्या कानाची पाळी एकदा ओढली.

आता भोंग्यावर कोण बोलणार, हा प्रश्न आला. सुरिनचा आवाज भसाडा आणि स्वभाव लाजाळू. सणाच्या सकाळी तो माइकजवळ घसा खाकरत उभा होता, तर बुआचुम खराटा हातात घेऊनच पायऱ्या चढून आली.

"सर तिकडे. धुळीचा आकडा काय आहे तो माझ्या कानात सांग."

आणि गावाने ऐकलं, "सर्व मंडळींना नमस्कार. झेंडा लाल आहे. माझी पिमदाव घरी नाही. तिला मी माझ्या हाताने घालवली. ज्यांची पोरं घरी आहेत त्यांनी दारं-खिडक्या लावून घ्या." एवढंच. गाणं लावायला ती विसरली, आणि त्या दिवशी ते कुणी मागितलंही नाही.

सणाला लहानांनी मोठ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची असते. आपल्याकडे कुणी येणार नाही असं धरून बुआचुम ओसरीवर बसली होती. दुपारी एकेक करून माणसं आली, पाण्याच्या वाट्या घेऊन, नेहमीसारखी. शिकेकाईच्या शेंगा घातलेलं पाणी तिच्या सुरकुतलेल्या तळहातांवरून वाहायला लागलं. नेहमीचे आशीर्वाद तिला आठवेनात. येईल त्याला ती एवढंच म्हणायची, "तुझी पोरं तुझ्याजवळ राहोत." खामपान समवयस्क असूनही वाटी घेऊन आला. "माझ्याकडेही एक काडीपेटी आहे," तो खाली बघत पुटपुटला, आणि ती तिच्या पायाशी ठेवून निघून गेला.

सगळं गाव सुधारलं असं कुणी समजू नये. त्या उन्हाळ्यात फोनवर आणखीही लाल ठिपके उमटले. पण सकाळी भोंगा खरखरला की चुलीपुढची बडबड आता थांबायची, आणि म्हातारीचा आवाज संपेपर्यंत थांबलेलीच असायची. मास्क हनुवटीवरून नाकावर यायचे. रोज एकच वाक्य असायचं, झेंडा लाल आहे, माझी पिमदाव घरी नाही, आणि त्याची कुणाला सवय होत नव्हती.

मग पाऊस आला. रात्रभर पडला, सकाळी थांबला. डोंगर होता तिथेच होता, इतका जवळ की त्याच्यावरचं झाड न् झाड वेगळं दिसत होतं, ज्यांना दिसत होतं त्यांना. बुआचुम आधी आरोग्य केंद्रापर्यंत गेली. झेंडा तिला नुसता हलताना दिसला, म्हणून तिने वाटेवरच्या बाईला त्याचा रंग विचारला. पुन्हा एकदा विचारला. मग पोलुआंगच्या घराच्या पायऱ्या चढून तिने माइक हातात घेतला.

"सर्व मंडळींना नमस्कार," ती म्हणाली. "झेंडा हिरवा आहे."

मग तिने माइक तोंडाशी आणखी जवळ ओढला.

"पिमदाव, ऐकतेस ना? झेंडा हिरवा आहे. ये आता. अळंबी वर येतील. जाळरेषेपलीकडे जमीन जळलेली नाही, तिथली सगळी पानांखाली आहेत. मला नाही दिसायची गं ती. तू ये, मी तुला जागा दाखवते."

भोंग्याचा आवाज भातशेतांच्या कडेपर्यंत पोचतो, त्यापुढे नाही. ते तिला कुणीच सांगितलं नाही. सुरिनने खिशातून फोन काढला, दक्षिणेचा नंबर लावला आणि तो माइकशेजारी, म्हातारीच्या तोंडाजवळ धरला.

"पुन्हा बोला, मेउई," तो म्हणाला.